काटा खाली आला तेव्हा

मे महिन्यातला रविवार. नाशिकच्या इंदिरानगरातून एक पेट्रोल गाडी सप्तशृंगी गडाकडे निघते आणि सकाळी अकरा वाजता नांदुरीच्या घाटात तिचं इंजिन बसतं. हा प्रवास रचलेला आहे. त्यातली माणसं कुणा एका घरची नाहीत. बोनेटखाली जे घडतं, त्यातलं मात्र काहीच रचलेलं नाही. तो क्रम जवळपास ठरलेला असतो, आणि इंजिन बसण्याआधी प्रत्येक टप्प्यावर गाडी आवाज देते.

शनिवार, संध्याकाळी ७:०० (सोळा तास आधी)

कॉलेज रोडवरून खरेदी करून गाडी घरी येते. मालक अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. गाडी बंद करताच डॅशबोर्डच्या आतून लांब ‘सुस्स’ येतं आणि विरून जातं. त्याआधी आठवडाभर एसीची थंडी कमी-जास्त करताना टक-टक-टक असा बारीक आवाजही येतोय. बायको म्हणते, “अहो, उद्या गडावर जायचंय. हे दाखवून तरी घ्या.”

हे दोन्ही आवाज निरुपद्रवी आहेत. एसी बंद झाला की दाबाखालचा गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दुसऱ्या बाजूला सरकतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो, त्याचं ते ‘सुस्स’. टकटक करतेय ती गरम आणि गार हवेचं मिश्रण ठरवणारी झडप. तिच्या छोट्या मोटरचा प्लास्टिकचा दाता तुटला की ती जागच्या जागी अडखळत राहते. त्रासदायक आहे, पण त्याने गाडी बंद पडत नाही.

ज्याची दखल घ्यायला हवी ते खाली फरशीवर आहे: दोन ओले डाग. एक डावीकडे सीटच्या खाली, स्वच्छ आणि बिनवासाचा. ते एसीचं पाणी, दमट हवेतून गळालेलं. दुसरा पुढे, रेडिएटरच्या खाली. हिरवट, बोटाला बुळबुळीत लागणारा, किंचित गोडसर वासाचा. मालक दोन्ही डाग एकाच नजरेत बघतो आणि म्हणतो, “एसीचंच पाणी आहे.”

दुसरा डाग कुलंटचा आहे. रेडिएटरच्या वरच्या होज पाईपची क्लिप ढिली झालीय. इंजिन गरम होऊन आत दाब चढला की तिथून थेंब-थेंब गळतं. थंड झाल्यावर गळत नाही, म्हणून सकाळी बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्या जोडावर वाळलेला हिरवट-पांढरा थर तेवढा उरतो. क्लिप आवळायला पाच मिनिटं आणि एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

शनिवार, रात्री ११:०० (बारा तास आधी)

गाडी पार्किंगमध्ये थंड होतेय. आता आवाज अजिबात नाही, आणि खरं नुकसान याच वेळी होतंय.

गरम कुलंट फुगतं. ते रेडिएटरच्या टोपीची स्प्रिंग उचलून बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत जातं. थंड होताना ते आकसतं आणि तेवढंच बाटलीतून परत ओढलं जातं. यंत्रणा घट्ट बंद असेल तर हा हिशेब वर्षानुवर्षं जुळतो. पण क्लिप ढिली असेल तर आकसणाऱ्या रेडिएटरला बाटलीतून कुलंट ओढण्यापेक्षा त्या फटीतून हवा ओढणं सोपं जातं. रोज रात्री थोडी हवा आत जाते आणि दिवसा तेवढंच कुलंट बाहेर. बाटलीतली पातळी मात्र जिथल्या तिथे राहते. आठवड्यानंतर बाटली भरलेली असते आणि रेडिएटर वरून रिकामा.

रविवार, सकाळी ७:०० (चार तास आधी)

गाडी सुरू. पहिल्या दोन सेकंदांत पट्टा किंचाळतो आणि गप्प होतो. थंड पट्टा क्षणभर घसरला, इतकंच. तो आवाज गाडी तापल्यावरही टिकला असता, किंवा इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर झाला असता, तर वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या बेअरिंगकडे बघावं लागलं असतं.

सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना मालक पाय दाबतो आणि डॅशबोर्डच्या मागून पाणी वाहिल्यासारखा आवाज येतो. घळघळ. मागच्या सीटवरचा मुलगा विचारतो, “बाबा, गाडीत नळ आहे का?” सगळे हसतात.

मुलाचं बरोबर आहे. डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो: हिटर. नाशिककरांना त्याची गरज लागते ती डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला, म्हणून तो आहे हेच कुणाच्या लक्षात नसतं. बहुतेक गाड्यांत इंजिनातलं गरम कुलंट त्यातून बाराही महिने फिरत असतं, आणि त्याची जागा बऱ्याचदा उंचावर असते. हवा वर चढते, त्यामुळे यंत्रणेत शिरलेली हवा पहिल्यांदा तिथे जमते. पंपाचा जोर वाढला की पाणी आणि हवा एकत्र ढकलली जातात आणि घळघळ ऐकू येते. भरलेल्या यंत्रणेत हा आवाज येत नाही. तो आला म्हणजे कुलंट कमी आहे.

रात्रभर थंड झालेल्या रेडिएटरची टोपी या क्षणी हाताने सहज उघडली असती. आतली पातळी बोटाला लागली नसती, आणि गडाचा बेत आठवडाभर पुढे गेला असता.

सकाळी ७:३५

पंचवटी, दिंडोरी नाका, म्हसरूळ. सिग्नलला गाडी थांबली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि नेहमीपेक्षा लवकर, नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरतो. पंखा चालू होणं हा दोष नाही. सकाळच्या गारव्यात, मोकळ्या रस्त्यावर चालून आलेल्या गाडीचा पंखा पहिल्याच सिग्नलला घोंगावू लागला, हे मात्र नवीन आहे. कुलंट कमी, म्हणजे तेवढीच उष्णता वाहून न्यायला पाणी कमी. ते लवकर तापतं आणि पंखा लवकर जागा होतो.

मालक एसी एक घर वाढवतो. पंख्याचा आवाज ब्लोअरच्या आवाजात बुडतो.

सकाळी ८:१५ (पावणेतीन तास आधी)

दिंडोरी. मामांच्या घरी चहा. मामा एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत. पुढच्या सीटवर बसल्यावर गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ते काही बोलत नाहीत. मग विचारतात, “अरे, पाणी बघितलंस का सकाळी?”

“मामा, आजकालच्या गाड्यांना पाणी बघावं लागत नाही. सर्व्हिसिंगला बघतात ते.”

“मग हे काय वाजतंय?”

“एसीचं असेल.”

मामा खिडकीबाहेर द्राक्षबागांकडे बघत राहतात. भाच्याच्या गाडीत पहिल्या पाच मिनिटांत वाद घालायचा नाही, एवढं त्यांना कळतं.

सकाळी ९:३० (दीड तास आधी)

वणी. जगदंबेचं दर्शन आणि नाश्ता. गाडी बंद केल्यावर बोनेटखालून खदखद ऐकू येते, चुलीवरच्या पातेल्यासारखी. मामा बोनेट उघडायला लावतात. बाटलीत बुडबुडे येताहेत, पण पातळी ‘फुल’च्या रेघेवर आहे.

“बघा मामा, भरलेलं आहे,” भाचा म्हणतो.

इथे फसायला होतं. चालणारं इंजिन बंद झालं की पंपही थांबतो, पण लोखंडात साठलेली उष्णता जात नाही. सिलिंडरच्या भोवतीचं थबकलेलं पाणी आणखी तापतं आणि कमी दाबाखाली असेल तर उकळू लागतं. सगळा प्रश्न दाबाचा आहे. रेडिएटरच्या टोपीवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. वातावरणाच्या वर तेवढा दाब टोपी आत धरून ठेवते. निम्मं कुलंट आणि निम्मं पाणी या दाबाखाली १२५ अंशांच्याही पुढे उकळतं. दाब धरला गेला नाही तर तेच मिश्रण १०८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि नुसतं पाणी नाशिकच्या उंचीवर ९८ अंशांतच. क्लिप गळते म्हणजे थेंब जातात एवढंच नाही. दाबही जातो, आणि त्याच्याबरोबर वीसेक अंशांची सुरक्षा जाते.

मामा टोपीकडे बोट दाखवतात. “बाटली बघून उपयोग नाही. ही उघडून बघायला पाहिजे. पण आता नाही, अर्धा-पाऊण तास थांबू.”

“मामा, ऊन चढेल. वर रांग वाढेल.”

मालकाची आईसुद्धा भावाला म्हणते, “चल रे दादा, देवीच्या दारात जातोय, काही होत नाही.” मामा बोनेट खाली सोडतात.

सकाळी १०:३० (तीस मिनिटं आधी)

नांदुरी. इथून गडापर्यंत दहाएक किलोमीटरचा घाट. गाडीत पाच माणसं, डिकीत पिशव्या, एसी पूर्ण, बाहेर ऊन तापलेलं. चढावर पेट्रोल जास्त जळतं, आणि जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता कुलंटलाच वाहून न्यावी लागते. वेग कमी असल्याने समोरून येणारा वाराही कमी. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या बरोबर पुढे बसवलेला असतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली असते.

पहिल्याच वळणांवर घळघळ वाढते.

१०:४४ (सोळा मिनिटं आधी)

एसीतून कोमट हवा. मालक वैतागतो, “गॅस संपला वाटतं.” गॅस संपलेला नाही. इंजिन ठराविक मर्यादेपलीकडे तापलं की अनेक गाड्यांचा संगणक कंप्रेसर स्वतःहून बंद करतो, इंजिनावरचा भार हलका करायला. गाडीने आतापर्यंत आवाजातून सांगितलं, आता ती स्वतःच उपाय करतेय.

१०:४८ (बारा मिनिटं आधी)

तापमानाचा काटा निम्म्याच्या वर. या गाडीला निदान काटा आहे. अनेक नव्या गाड्यांत फक्त दिवा असतो, थंडीला निळा आणि संकटाला लाल. मधलं काही नाही.

मामा आता भीड ठेवत नाहीत. “एसी बंद कर. खिडक्या उघडा सगळ्या. हिटर लाव, पूर्ण.”

“उन्हात हिटर?”

“लाव म्हणतो ना!”

हिटर म्हणजे दुसरा रेडिएटर. तो चालू केला की इंजिनातली थोडी उष्णता गाडीच्या आत फेकली जाते. अंगावर झळा येतात, आई पदराने वारा घेते, पण काटा थबकतो. घाटातून उतरणाऱ्या-चढणाऱ्या गाड्यांच्या रांगेत थांबायला जागा नाही. मागून हॉर्न. वर पार्किंगला पोचू, असं ठरतं.

१०:५४ (सहा मिनिटं आधी)

“बाबा, हवा गार आली!” मुलगा खूश. खरंच, हिटरमधून येणाऱ्या झळा ओसरल्यात. घळघळही थांबलीय. आणि तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली उतरतोय.

गाडीतले चार जण सुटकेचा श्वास सोडतात. मामा ओरडतात, “बाजूला घे! आत्ता!”

“मामा, काटा खाली येतोय...”

तिन्ही गोष्टी एकच सांगताहेत. पातळी हिटरच्या खाली गेली, म्हणून वाहणारं पाणी उरलं नाही आणि घळघळ थांबली. हिटरमध्ये गरम कुलंट पोचत नाही, म्हणून हवा गार झाली. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पाणी उतरून तो मोकळ्या हवेत राहिला की काटा खोटं बोलतो. आणि इंजिनात, जिथे पेट्रोल पेटताना दोन हजार अंशांच्या ज्वाळा उठतात, तिथून उष्णता बाहेर नेणारं आता काहीच नाही.

इंजिन तापलेलं असताना हिटर गार पडला, तर गाडी थंड झाली असं समजायचं नसतं. त्याच क्षणी इंजिन बंद करायचं असतं.

१०:५८ (दोन मिनिटं आधी)

चढावर पाय दाबला की इंजिनातून खडखड येते, डब्यात खिळे हलवल्यासारखी. तापलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीने नीट जळण्याऐवजी जागोजागी आपोआप पेटतं आणि पिस्टनवर हातोड्यासारखे घाव बसतात. ओढ कमी होते. मालक दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात येतो. गोडसर, जळका वास.

इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेड वाढू पाहतं, बोल्ट त्याला सोडत नाहीत. मग ते वाकतं.

११:००

बोनेटच्या कडांतून पांढरी वाफ. एक झटका, आणि इंजिन बंद.

चढावर इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं. ब्रेकला मदत करणारी पोकळीही दोन-तीन दाबांपुरतीच उरते, मग पेडल दगडासारखं लागतं. मामा हँडब्रेक ओढतात, दार उघडून उडी मारतात आणि कठड्याजवळचा दगड मागच्या चाकाला लावतात. हा घाट चुका पोटात घालणारा नाही. १२ जुलै २०२३ ला इथेच एसटीची बस दरीत कोसळली होती आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला होता. त्या अपघाताचा इंजिनाच्या तापण्याशी संबंध नव्हता. पण मागे घसरणारी गाडी इथे कुठे जाते, हे मामांना कुणी सांगावं लागत नाही.

११:०८

मदतीला लोक जमतात. एक जण पाण्याची बाटली घेऊन येतो, दुसरा फडकं घेऊन रेडिएटरच्या टोपीला हात घालतो. मामा त्याचं मनगट धरतात. आत जे थोडं कुलंट उरलंय ते उकळीच्या वरच्या तापमानाला, फक्त दाबामुळे द्रव राहिलेलं आहे. टोपी फिरली की दाब सुटतो, त्यातल्या काहीची क्षणात वाफ होते आणि उरलेलं कारंज्यासारखं तोंडावर येतं. चेहरा, छाती आणि हात भाजलेली माणसं अशीच भाजतात. थंड पाणी तापलेल्या इंजिनावर ओतलं तर ओतीव धातूला तडा जाऊ शकतो. म्हणून काहीच न करता बसायचं, वरचा पाईप हाताला सोसेल इतका थंड होईपर्यंत. कुटुंब एसटीने गडावर जातं. गाडी टोचन करून खाली येते.

बुधवार, गॅरेज

मिस्त्री ऑइलची टोपी उघडतो. आतून साय घातलेल्या चहासारखा रंग. हेड पॅकिंग जळालंय आणि कुलंट ऑइलमध्ये मिसळलंय. असं ऑइल बेअरिंगना वंगण देत नाही, म्हणून खालचं इंजिनही खोलावं लागणार. हेड लेथवाल्याकडे जातं. तो त्यावर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकवतो. मालक शेजारी उभा आहे. हे मोजमाप त्याच्या रोजच्या कामातलं. साधारण पाच शतांश मिलिमीटरपर्यंतचा बाक चालतो. इथे त्याच्या कितीतरी पट जाड पट्टी आरपार जाते. फेसिंग मारून हेड वाचेल की नवं घ्यावं लागेल, एवढाच प्रश्न उरतो.

मिस्त्री होज पाईपच्या ढिल्या क्लिपकडे बोट दाखवतो. शनिवारी ती आवळली असती तर काम फुकटात झालं असतं. रविवारी सकाळी सातला कळलं असतं तर कुलंटचा एक डबा लागला असता. वणीत थांबले असते तर दर्शनाला उशीर झाला असता. १०:५४ ला इंजिन बंद केलं असतं तर कदाचित पॅकिंगवर भागलं असतं. शेवटच्या सहा मिनिटांची किंमत हेड आणि अख्खं इंजिन काम अशी झाली.

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण आवाजाची नक्कल करून दाखवतो आणि मिस्त्री ती फारशी ऐकत नाही. तो विचारतो, “कधी येतो?” त्याला हवं असतं ते वेळापत्रक. गाडी थंड असताना की तापल्यावर? सुरू करताना, चालताना की बंद केल्यावर? इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो की नाही? एसी चालू असताना येतो की बंद असतानाही? सुरुवातीच्या दोन सेकंदांचं किंचाळणं आणि दिवसभराची घरघर कानाला सारखी वाटू शकतात. पहिली सोडून देता येते, दुसरी नाही. बंद केल्यावरचं ‘सुस्स’ डॅशबोर्डमधून येत असेल तर निर्धास्त राहा. बोनेटखालून गोडसर वासाबरोबर येत असेल तर गाडी हलवू नका. आणि रोज येणारा आवाज एक दिवस आपोआप थांबला, तर तो कधी आणि कशाबरोबर थांबला हेही त्या यादीत लिहा. नांदुरीच्या घाटात सगळ्यात महाग पडलेली नोंद तीच होती, आणि ती गाडीतल्या एकट्या मामांनी घेतली.